बाजार कोणी केला?

"बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ नाही, आणि वर कोथिंबीर भुरभुरलेली," आई म्हणाली. "ह्याला मालवणी म्हणायचं तर तुम्ही म्हणा, भाऊजी. मी म्हणणार नाही."

"कोथिंबिरीने तुमचं काय घोडं मारलंय, वहिनी? मासा ताजा होता, रस्सा झणझणीत होता, डोक्यावर पंखा होता आणि नंतर भांडी घासायला तुम्ही नव्हता. एवढं सगळं जुळून आल्यावर मी तिरफळावरून अडून बसत नाही."

दादरमधल्या एका मालवणी म्हणवणाऱ्या हॉटेलाच्या पायऱ्या उतरतानाच हे सुरू झालं. तसं ते नवीन नाही. काकाची सगळी नोकरी औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून महाराष्ट्रभर फिरण्यात गेली. एखाद्या गावाचं नाव काढलं की त्याला एसटी स्टँड, डॉक्टर आणि खाण्याची जागा ह्या क्रमाने ते गाव आठवतं. खरं सांगायचं तर खाण्याची जागा आधी. आई वेंगुर्ल्याची. तिच्या मते अर्धा स्वयंपाक बाजारात होतो आणि उरलेला अर्धा बिघडवायचा नाही, एवढंच चुलीपाशी काम असतं. दोघंही खाण्यावर जीव टाकणारी, म्हणूनच त्यांचं पटत नाही. ज्यांना खाण्यात रस नसतो त्यांचं जेवणाच्या टेबलावर छान जमतं.

"पण तिरफळ नसलं तर एवढं बिघडतं काय?" मी विचारलं. हा प्रश्न आईला विचारायचा नसतो, हे माहीत असूनही.

"बांगडा तेलकट मासा. तारलीही तशीच. त्या तेलाचा उग्रपणा कापायला काहीतरी लागतं. आंबटाला कोकम आहेच, पण तिरफळाचं काम वेगळं. लिंबाच्या सालीसारखा वास, आणि जिभेला किंचित मुंग्या. त्या मुंग्यांमुळे पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो."

तिरफळाचं झाड कोकणातल्या आणि घाटातल्या रानात होतं, खोडाला जाड काटे. फळांचे घोस पावसाळ्याच्या शेवटी काढून वाळवतात. वाळलं की फळ उकलतं, आतलं काळं चकचकीत बी काढून टाकायचं आणि नुसती टरफलं ठेवायची. आईची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे. ती तिरफळं मसाल्याबरोबर कधीच वाटत नाही. वाटली की कडवटपणा उतरतो म्हणते. वाटीत चमचाभर पाणी, त्यात तिरफळं, खलबत्त्याच्या दांड्याने दोनचार टोले, आणि रस्सा उकळायला लागला की ते पाण्यासकट आत. ओलं खोबरं, बेडगी मिरची, हळद, थोडे धणे एवढंच वाटण. फोडणी नाही. गॅस बंद केल्यावर वरून कच्चं खोबरेल, आणि झाकण. अर्धा तास त्या झाकणाला हात लावायची कोणाची टाप नसते.

"गंमत अशी आहे," मी म्हटलं, "की चीनमधल्या सेचुआन प्रांतातली मिरी म्हणतात ना, ती ह्या तिरफळाची चुलत बहीण. तीही जीभ बधिर करते. आणि आपल्याकडे गाडीवर जे शेजवान मिळतं, त्यात ती औषधालासुद्धा नसते. नुसती लाल मिरची, लसूण आणि तेल."

"बघा!" आई म्हणाली.

"काय बघा? शेजवान चटणी फक्कड लागते," काका म्हणाला. "मुंबईने तिची तिची चटणी केली, नाव चीनचं दिलं. तक्रार चीनने करावी. तुम्ही कशाला? आणि वहिनी, हॉटेलवाल्याची बाजू कधी ऐकली आहे का तुम्ही? ओळखीच्या एका मालकाने घातली होती तिरफळं. रोज दोनतीन ताटं परत. एक म्हणे, रश्श्यात लाकूड आलं. दुसऱ्याने चावून खाल्लं आणि जीभ जड झाली म्हणून घाबरून उभाच राहिला. तिरफळ चोखून ताटाच्या कडेला ठेवायचं असतं, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगायचं?"

"वेटरने."

"वेटर कुठला? बिहारचा, नाहीतर ओडिशाचा. त्याने तिरफळ कधी पाहिलं?"

"मग मालकाने सांगावं. गल्ल्यावर बसून पैसे मोजायला तो वेंगुर्ल्याचा असतो ना?"

ह्यावर काका हसला. पण त्याने विषय सोडला नाही. त्याचं म्हणणं असं की घरच्या स्वयंपाकाचं कौतुक करणाऱ्यांना विस्तव म्हणजे काय ते माहीतच नसतं. घरच्या गॅसवर तंदूर होत नाही. मातीच्या भट्टीत कोळशाची धग चारशे अंशांच्या वर जाते. तुमचा घरचा ओव्हन अडीचशेला दमतो. रोटीला फुगे येतात, ते करपायच्या आत बाहेर काढायची, हा काही क्षणांचा खेळ असतो. डोशाचंही तेच. हॉटेलातला तवा म्हणजे बोटभर जाड लोखंडाची लादी. त्यावर थंड पीठ ओतलं तरी तो तापमान सोडत नाही. पाणी शिंपडून तवा किंचित थंड करायचा, खराट्याने पुसायचा, पीठ फिरवायचं, खालून भाजलेल्या साखरेच्या रंगाचं जाळं धरेपर्यंत हात लावायचा नाही.

"तुमच्या नॉनस्टिकवर डोसा होतो का तसा?"

"होत नाही," आई म्हणाली. तिची ही एक गोष्ट मला आवडते. जे मान्य करायचं ते ती तोंड वाकडं न करता मान्य करते. "आणि मी करायलाही जात नाही. डोसा खायचा असला की माटुंग्याला जाते."

खरंच जाते. माटुंगा स्टेशनजवळ ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. ती तिथे केळीच्या पानावर जेवते, रसमचा वास घेते आणि घरी येऊन त्यावर एक शब्द बोलत नाही. आईने टीका केली नाही म्हणजे तिने पूर्ण गुण दिले.

"मग अडचण कुठे आहे?" काकाने विचारलं. "माटुंग्याला चालतं, दादरला चालत नाही?"

"माटुंग्याला जे करतात ते त्यांचं स्वतःचं आहे. डाळ, तांदूळ, चिंच, कढीपत्ता, हिंग. ह्यातलं काही महाग नाही आणि काही दुर्मिळ नाही. त्यामुळे त्यांना बनवाबनवी करायची गरज पडत नाही. मालवणी जेवणाचं तसं नाही. त्याचं सामान नाजूक. सोलकढी घ्या. नारळाचं पहिलं दूध, त्यात आगळ, लसूण, हिरवी मिरची. गरम केली की फाटते, ठेवली की काही तासांत आंबते. सकाळी काढलेलं दूध रात्रीच्या गिऱ्हाइकाला कसं पुरवणार? मग काय करतात? पाणी वाढवतात आणि रंग गुलाबी राहावा म्हणून बीट घालतात. आगळाचा रंग गडद, मळकट जांभळट असतो. दुधात पडला की फिका गुलाबी होतो. लग्नातल्या पत्रिकेसारखा गुलाबी नाही होत."

हे तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. त्या दिवशी आमच्यासमोर आलेला पेला मी पाहिला होता. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट रस. कोकमाची सालं ह्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की त्यांची आमसुलं होतात. काळी, मऊ, बोटाला चिकटणारी. बाजारात कोरडी ठणठणीत आमसुलं मिळतात ती बहुधा पुरेसे पुट न देता वाळवलेली. आई दुकानात आमसूल हातात घेऊन चिमटते. दुकानदार वैतागतो, पण चांगला डबा आतून काढून देतो.

"मिरचीचं बोला आता," काका म्हणाला. "त्यावर तुमचं व्याख्यान अजून झालेलं नाही."

"झालंच पाहिजे. तिखट म्हणजे लाल पावडर, एवढंच हॉटेलांना कळतं. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. बेडगीची साल सुरकुतलेली. ती कितीही घातली तरी पोटात आग पडत नाही. दोन्हींचं प्रमाण घराघरांत वेगळं. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मिरची गल्लीत जाऊन उभे राहा म्हणजे कळेल. एकीला आगरी-कोळी मसाला हवा, एकीला मालवणी, एकीला घाटावरचा कांदा-लसूण. मिरच्या उन्हात कडकडीत करायच्या, भाजायच्या, डंकावर डोळ्यांदेखत कुटून घ्यायच्या. शिंका येतात, डोळ्यांतून पाणी येतं, पण आपलाच मसाला आपल्या डब्यात पडतो ना, ते बघायचं असतं."

"आणि ही बेडगी मिरची आली कुठून?" काकाने डाव टाकला. "अमेरिकेतून. पोर्तुगीजांच्या गलबतातून. बटाटाही त्यांचाच, पावही त्यांचाच. म्हणजे तुमचं अस्सल मालवणी वाटण आणि माझा वडापाव, दोघांचं मूळ एकाच बंदरात. मग अस्सल-नकलीचा हा दंगा कशासाठी?"

"मी अस्सल म्हटलंच नाही, भाऊजी. तो शब्द हॉटेलच्या पाटीवर असतो. मी फक्त म्हटलं, तिरफळ घाला."

मला वाटतं, त्या दुपारी आईने मारलेला हा सर्वांत नेमका फटका होता. काकाला तो लागला नाही, कारण तो तोवर कोल्हापूरकडे वळला होता. तिथला पांढरा रस्सा, त्यातलं तीळ-खसखस-खोबऱ्याचं वाटण, पहाटेपासून शिजणारं मटण. कोल्हापुरी म्हणजे जाळ, हा समज कोल्हापूरबाहेरच्या हॉटेलांनी पसरवला, असं तो पोटतिडकीने सांगत होता. (व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी कोल्हापुरात नेमकी कोणाच्या घरी होते, ह्याचा तपास मीही करते आहे.) म्हणजे मसाल्याच्या बाबतीत तो आईच्याच बाजूने बोलत होता. ते त्याच्या लक्षात आलं नाही, आणि आईने ते लक्षात आणून दिलं नाही.

"माझा मुद्दा वेगळा आहे," तो पुढे म्हणाला. "घरी चूक पचते. मीठ जास्त झालं, चालतं; डाळ कच्ची राहिली, उद्या बघू. नवरा बोलत नाही, पोरं बोलत नाहीत. हॉटेलवाल्याला रोज परीक्षा. मिसळवाल्याचा कट एक दिवस बिघडला की दुसऱ्या दिवशी समोरच्या गाडीवर गर्दी. वर्षानुवर्षं एकच पदार्थ, एकच चव, रोज. ही साधना नाही का? मला कधी कधी वाटतं, घरचं घरचं म्हणून आपण आपल्या आळसाला पदकं देतो."

"आळस?" आईचा आवाज चढला. "सकाळी साडेपाचला..."

"तुमचा नाही म्हणत हो. एकूण."

"एकूण म्हणजे बायकांचाच ना?"

इथे काका गप्प बसला. शहाणा माणूस आहे. मात्र त्याच्या बोलण्यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. सातत्य ही हॉटेलची खरी कमाई. घरी आमटी रोज वेगळी होते, आणि त्याला आपण प्रेमाने 'हाताची चव' म्हणतो. एकीकडे कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा'मध्ये १९७० साली वाटी-चमच्याचं माप घालून दिलं, ते घराघरांत गेलं. दुसरीकडे बहुतेक आया अजूनही 'अंदाजे' हेच एकक वापरतात. माझी आईसुद्धा. तिचा गोडा मसाला ह्या वर्षी मागच्यापेक्षा काळपट झाला, कारण दगडफूल जास्त पडलं. दगडफूल हातात घेतलं तर त्याला फारसा वास नसतो, वाळल्या पाचोळ्यासारखं दिसतं. गरम तेलात पडलं की मात्र मातीचा, धुराचा, लाकडाचा असा काहीतरी वास सुटतो आणि घरभर फिरतो. तिला तो आवडतो म्हणून ती हात सैल सोडते. हॉटेलात हे खपलं नसतं.

मग काकाने ब्रिटानिया काढलं. बॅलार्ड इस्टेटमधलं, १९२३ सालचं. इथे त्याची बाजू भक्कम होती, कारण इथला बेरी पुलाव ज्यावर उभा आहे ती बारीक लाल आंबट फळं, झरिश्क, इराणमधली. मालक बोमन कोहिनूर २०१९ साली गेले. त्यांच्या पत्नीने इराणमध्ये असताना पाहिलेला हा पुलाव इथल्या तिखट चवीकडे वळवून हॉटेलात आणला. "आता सांगा, वहिनी. एका हॉटेलाने एका फळासाठी परदेशाशी नातं ठेवलं. तुमच्या घराने कधी ठेवलं?"

"आमच्या घराने वेंगुर्ल्याशी ठेवलंय," आई म्हणाली. "पण तुमचं बरोबर आहे. ते हॉटेल मला आवडतं. कारण तिथे कोणीतरी ठरवलं की हे फळ नसेल तर हा पुलाव करायचा नाही."

ह्या वाक्यानंतर मला त्यांचं भांडण निराळंच दिसू लागलं. घर विरुद्ध हॉटेल अशी ही लढाई नाहीच. ताट कुठे वाढलं ह्याने फार फरक पडत नाही. बाजार कोणी केला ह्याने पडतो. मालक स्वतः सकाळी ससून डॉकला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जातो, की रात्री फोनवरून 'रोजचंच पाठव' सांगतो? घरातसुद्धा आता बहुतेकांचा बाजार फोनवरच होतो. मीही तेच करते. दहा मिनिटांत पिशवी दारात येते, आणि त्या पिशवीतल्या आमसुलाला मला चिमटा घेता येत नाही.

मी हे बोलून दाखवलं, तेव्हा आईने गिरणगावातल्या खाणावळींची आठवण काढली. तिचा मामा तिथल्या एका गिरणीत होता. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एकेका खोलीत पाळी लावून राहायचे आणि चाळीतल्याच एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचे. ते घरचं म्हणावं की बाहेरचं? पैसे देऊन जेवायचं, म्हणजे बाहेरचं. पण त्याच चुलीवर, त्याच मसाल्यात, त्या बाईच्या पोरांबरोबर.

"त्या खाणावळवाल्या बायकांची सगळी दुखणी बाजारातलीच होती," आई म्हणाली. "कामगाराचा पगार महिनाअखेरीला. तोवर वाण्याकडून उधारीवर सामान. उधारी म्हटलं की वाणी भाव चढा लावणार आणि माल हलका देणार. बोलायची सोय नाही. दागिना गहाण ठेवायचा, सावकाराचं व्याज भरायचं. मामा सांगायचा, महिन्याच्या शेवटी भातात खडे वाढायचे."

प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली ह्याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या ह्या बाईंनी खाणावळवाल्यांना बँकेच्या दारात नेऊन उभं केलं. राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांना अशा बायकांना कर्ज देणं भाग होतं, फक्त मागायला कोणी जात नव्हतं. बायका एकमेकींना जामीन राहिल्या. रोख पैसे हातात आले की वाण्याशी बोलायचा सूर बदलतो. चांगला तांदूळ, चांगली डाळ निवडून घेता येते. ताटाची चव सुधारायला पाककृती बदलावी लागत नाही. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, जेवणारेच गेले. ती खाणावळ आता कुठल्याच यादीत सापडत नाही, पण मुंबईत मराठी जेवण विकणाऱ्या पुष्कळ हॉटेलांची आजी तीच आहे.

काकाने हे सगळं शांतपणे ऐकलं. त्याने अशा खाणावळीत जेवणं काढली होती, त्यामुळे तो वाद घालणार नव्हता. तो फक्त एवढंच म्हणाला, की आज तसं निवडून सामान आणून जेवण वाढलं तर ताटाचा भाव ऐकून तुम्हीच खुर्चीतून उठाल.

"उठेन," आई म्हणाली. "बाहेर जेवायला जायचं म्हणजे थोडं उठायची तयारी ठेवूनच जावं."

"आणि तुमची ती शेवळं? ती कुठल्या हॉटेलात मिळायची?"

"कुठल्याच नाही. म्हणून तर."

शेवळं पहिल्या पावसाबरोबर येतात. पालघर, कर्जतकडच्या आदिवासी बायका स्टेशनाबाहेर जुड्या घेऊन बसतात, दोनतीन आठवडे, मग संपलं. वरची पाती सोलायची, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, नाहीतर घशाला खाज सुटते. त्याच खाजेवर उतारा म्हणून त्या बायका जुडीबरोबर काकडं देतात, आवळ्याहून लहान, हिरवी, आंबट फळं. काकडांशिवाय शेवळं घेणारं गिऱ्हाईक नवखं समजायचं. छापील मेनूकार्डात ह्या भाजीला जागा नाही. कार्ड छापून येईपर्यंत तिचा मोसम उलटलेला असतो.

"मेनूकार्ड हीच मुळात गैरसोयीची गोष्ट आहे," आई पुढे म्हणाली. "बारा महिने सगळं आहे असं एकदा छापलं की बारा महिने खोटं बोलावं लागतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा काळ. सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. आणि ऐन जुलैत हॉटेलाबाहेर पाटी, आज ताजी सुरमई!"

"वहिनी, एक मिनिट." काकाचा चेहरा खुलला. "गेल्या जूनच्या शेवटी मी तुमच्याकडे जेवलो. कोलंबीचं सुकं होतं. फ्रीझरमधली कोलंबी होती ना ती?"

"होती."

"मग?"

"मग काय? मेमध्ये घेऊन ठेवली होती. वाढायच्या आधी सांगितलं तुम्हाला, भाऊजी, ताजी नाही, चालेल का. तुम्ही चालेल म्हणालात आणि तीनदा घेतलीत."

"चांगली झाली होती."

"झाली होती. पण मी पाटी लावली नव्हती."